जॉर्जियातलं शेतकरी सासर: १८८० च्या मागे कसं जायचं?

मेकॉनकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी मूळची कराडकडची, लग्न होऊन इकडे मेकॉनला आले. नवऱ्याचं घर जॉन्सन काउंटीतलं, मध्य जॉर्जियात, पिढ्यान्पिढ्या शेतकरी, आधी कापूस, मग भुईमूग आणि आता बरीचशी पाइनची लागवड. सासरे थकलेत आता. दर उन्हाळ्यात सगळं घराणं जमतं, ऐंशी-नव्वद माणसं असतात, आणि प्रत्येक वेळी ते एकच बोलून दाखवतात की आपली माणसं इथे आली कुठून हे कोणीतरी नीट लिहून काढा रे. पोरांना वेळ नाही. मला आवड आहे आणि मला त्यांच्यासाठी हे मनापासून करायचंय. आमच्या गावी हेळवी यायचा, ओसरीवर बसून आजोबांना पिढ्यांमागून पिढ्या वाचून दाखवायचा, धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला जायचा. इथे तसं कोणी नाही, सगळं आपणच कागदातून उकरायचं.

हातात काय आहे ते सांगते. घरचं जुनं बायबल आहे, त्यात मुलांच्या जन्मतारखा, पहिली १८६९ ची. १८८० च्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, नवऱ्याचे खापरपणजोबा सापडले, नाव नुसतं डब्ल्यू. जे. आणि आडनाव, वय ३४, शेतकरी, स्वतःचा आणि आईवडिलांचा जन्म जॉर्जियातच, बायको, पाच मुलं. इथपर्यंत पक्कं. १८७० मध्ये ते कुठेच दिसत नाहीत. १८६० मध्ये त्याच आडनावाची तीन घरं आहेत, दोन वॉशिंग्टन काउंटीत, एक इमॅन्युएलमध्ये, आणि तिन्ही घरांत तेरा-चौदा वर्षांचा एकेक विल्यम! आता आमचा कुठला? ऑनलाइन वंशवृक्ष बघावेत तर कोणी या बापाला जोडलंय कोणी त्या, आणि सगळ्यांनी एकमेकांचंच कॉपी केलेलं दिसतंय, कागद एकाकडेही नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो कोर्टहाऊस जळलं, विसरा.

घरात दोन गोष्टी सांगितल्या जातात, एक म्हणजे जमीन लॉटरीत लागली होती, आणि दुसरी म्हणजे एक पणजी चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, होती. यात तथ्य किती आणि सुरुवात कुठून करू?

कागदवाला

ताई, मी अटलांटाजवळ राहतो आणि बरीच वर्षं हेच करतोय, आधी शेजाऱ्यांसाठी केलं, मग चटकच लागली. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर नावामागे धावू नका, जमिनीमागे आणि शेजाऱ्यांमागे जा. विल्यम नावाची पोरं त्या भागात ढिगाने होती, पण एका ओढ्याच्या काठची, एका मिलिशिया डिस्ट्रिक्टमधली, त्याच चार शेजाऱ्यांच्या मधली एकच असते.

आधी काउंटीचा घोळ समजून घ्या. जॉन्सन काउंटी १८५८ च्या डिसेंबरात झाली, वॉशिंग्टन, इमॅन्युएल आणि लॉरेन्स या तिघींचे तुकडे काढून. म्हणजे एखादा माणूस जागेवरून हलला नाही तरी १८५० ला वॉशिंग्टनमध्ये आणि १८६० ला जॉन्सनमध्ये दिसू शकतो. तुमच्या तीन घरांपैकी दोन १८६० ला वॉशिंग्टनमध्येच आहेत म्हणजे ती नव्या हद्दीच्या पलीकडे राहिली, मग पोरगा जॉन्सनमध्ये आला कधी आणि कोणाबरोबर हा खरा प्रश्न. जॉर्जियात प्रत्येक काउंटी मिलिशिया डिस्ट्रिक्ट नावाच्या छोट्या विभागांत वाटलेली असते आणि प्रत्येकाला नंबर असतो, सेन्सस आणि टॅक्सची वही दोन्ही त्या नंबरानुसार लावलेली. १८८० च्या पानावर सगळ्यात वर तो नंबर लिहिलेला असेल तो आधी टिपून घ्या, पुढचं सगळं काम त्यावर आहे.

सेन्ससचं म्हणाल तर १८५० च्या आधी फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहीत, बाकीची माणसं नुसती वयोगटाच्या रकान्यातले आकडे. १८५० आणि ६० ला स्वतंत्र माणसांची नावं आहेत पण नातं लिहिलेलं नाही, ते १८८० पासून आलं. म्हणून १८६० च्या घरात पोरगा आहे म्हणजे तो त्या घरचा मुलगा असं लगेच धरू नका, पुतण्या असेल, अनाथ भाचा असेल, कामाला ठेवलेला असेल. १८७० ची मोजणी दक्षिणेत फार ढिसाळ झाली, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, माणसं विखुरलेली, खूप कुटुंबं त्यात सुटलीत, तेव्हा न सापडणं यात नवल काही नाही. आणि १८९० चं जवळजवळ सगळं १९२१ च्या वॉशिंग्टन डीसीतल्या आगीत गेलं, त्यामुळे १८८० नंतर एकदम १९००.

ही मधली भोकं टॅक्स डायजेस्टने, म्हणजे कराच्या वहीने, बुजतात. दरवर्षीची वही असते, आणि तिची एक प्रत राज्याकडे जायची, म्हणून कोर्टहाऊस जळलं तरी ती राज्याकडे राहिली. २१ ते ६० वयाच्या पुरुषाला डोईपट्टी असायची, पोल टॅक्स, जमीन असो नसो. म्हणजे पोरगा ज्या वर्षी पहिल्यांदा वहीत येतो त्यातून २१ वजा करा, साधारण जन्मसाल मिळतं, आणि तो ज्यांच्या वरखाली लिहिलाय ती माणसं बघा. तुमचा १८४६ चा असेल तर १८६७-६८ च्या आसपास कुठल्यातरी डिस्ट्रिक्टमध्ये उगवायलाच हवा. तिन्ही विल्यम वर्षागणिक पुढे न्या, एखादा मरेल, एखादा अलाबामाला जाईल, उरेल तो तुमचा.

अजून एक फार कमी लोक बघतात ती गोष्ट. १८६४ मध्ये जॉर्जियाने मिलिशिया पुन्हा उभी करायला शिरगणती केली होती, कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, फौजेत नसलेले १६ ते ६० वयाचे गोरे पुरुष, डिस्ट्रिक्टवार, आणि त्यात वय वर्षं आणि महिन्यांत लिहिलंय, धंदा लिहिलाय, जन्म कुठल्या राज्यातला तेही. काही काउंट्यांचे कागद गहाळ आहेत पण असतील तर तुमचा सतरा-अठराचा पोरगा, फौजेत गेला नसेल तर, त्यात हवा, आणि महिन्यांपर्यंतचं वय म्हणजे तीन विल्यम वेगळे करायला सोन्यासारखी गोष्ट.

जळण्याबद्दल. वॉशिंग्टन काउंटीचं सँडर्सविलचं कोर्टहाऊस १८५५ ला जळलं आणि नवीन बांधलेलं १८६४ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या जनरल शेरमनच्या फौजेने जाळलं, हे खरंय. पण मृत्युपत्र, वारस नेमणूक, शेरीफची लिलावविक्री यांच्या नोटिसा वर्तमानपत्रात छापायला लागायच्या. मिलेजविल तेव्हा राजधानी होती, १८६८ पर्यंत, आणि तिथल्या सदर्न रेकॉर्डर, फेडरल युनियन या पेपरांत आजूबाजूच्या बऱ्याच काउंट्यांच्या नोटिसा आहेत. जॉर्जिया हिस्टॉरिक न्यूजपेपर्स नावाची साइट आहे, फुकट, आडनाव आणि काउंटी टाकून शोधा. कोणीतरी मेल्यावर अमुक माणसाने इस्टेट सांभाळायला अर्ज केलाय एवढी दोन ओळींची नोटीस असते पण त्यातून बाप कधी गेला आणि थोरला कोण हे कळतं. शिवाय आग लागल्यावर लोक आपली खरेदीखतं घेऊन परत नोंदवायला यायचे, त्यामुळे १८३० चं खत १८७० च्या वहीत सापडू शकतं. इंडेक्समध्ये साल बघून थांबू नका.

लॉटरीबद्दल, म्हणजे राज्याने चिठ्ठ्या काढून जमिनी वाटल्या त्याबद्दल. ओकोनी नदीच्या पूर्वेकडे लॉटरी झालीच नाही, तिकडे हेडराइट पद्धतीने जमिनी दिल्या, माणशी ठराविक एकर, हद्द म्हणजे हा ओक ते तो पाइन ते ओढा. लॉटऱ्या झाल्या १८०५ पासून १८३२-३३ पर्यंत, ओकोनीच्या पश्चिमेला, मस्कोगी आणि चेरोकी लोकांकडून घेतलेल्या मुलखात. जॉन्सन पूर्वेला येते. पण एखाद्याला पश्चिमेकडची चिठ्ठी लागली आणि त्याने ती विकून इथे जमीन घेतली असं पुष्कळ व्हायचं, तेव्हा गोष्ट सपशेल खोटी म्हणू नका. विजेत्यांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्यात माणूस तेव्हा कुठल्या काउंटीत राहत होता तेही दिलंय.

नानी_बर्मिंगहॅम

सगळं कागदवाल्यांनी सांगितलंच, मी फक्त घरातलं सांगते. बायबलचं पहिलं पान उघडून ते कुठल्या साली छापलंय ते बघ गं. छपाई १८८५ ची आणि नोंदी १८६९ पासून असतील तर त्या नंतर आठवून एका बैठकीत लिहिल्यात, शाई आणि अक्षर एकच दिसेल. वेगवेगळी शाई असेल तर त्या त्या वेळी लिहिल्यात आणि जास्त भरवशाच्या. सगळ्या पानांचे फोटो काढ, मागचं पुढचं कोरं पानसुद्धा, आत ठेवलेली कात्रणं, केसांची बट, पावती, काही असेल ते.

आणि सासऱ्यांजवळ बस. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेव आणि त्यांना नावं विचारत बसू नकोस, शेत विचार. त्या कोपऱ्यातल्या वावराला काय म्हणायचे, कापूस जिनिंगला कोणाकडे जायचा, शेजारी कोण, मयतीला कुठल्या चर्चमध्ये जायचे. माझ्या सासूबाईंना आजोबांचं नाव आठवेना पण त्यांच्या खेचरांची नावं पाठ होती, आणि त्या बोलता बोलता आजीचं माहेर सांगून गेल्या.

चर्च फार महत्त्वाचं. त्या भागात बॅप्टिस्ट, त्यातही प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट भरपूर. त्यांच्या महिन्याच्या सभेची वही असते, कोण पत्र घेऊन आलं, कोणाला पत्र देऊन पाठवलं, कोणाला नाचल्याबद्दल काढलं. दुसऱ्या गावी जाताना आधीच्या चर्चचं पत्र लागायचं त्यामुळे कुटुंब कुठून कुठे गेलं ते त्यात कळतं, आणि बायकांची नावं असतात जी बाकी कागदात शोधून सापडत नाहीत. तू मेकॉनलाच आहेस, तुझ्या गावातच मर्सर युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या बॅप्टिस्ट चर्चेसच्या वह्यांचा मोठा साठा आहे, आणि वॉशिंग्टन मेमोरियल लायब्ररीची वंशावळीची खोली तर आख्ख्या जॉर्जियात नावाजलेली आहे, तिथे आधी जा.

स्मशानाला जाशील तेव्हा नाव कोरलेल्या दगडांवर थांबू नकोस. नुसता शेतातला दगड उभा रोवलेला असतो डोक्याशी आणि पायाशी, आणि देवदाराची जुनी झाडं आणि जमिनीवर पसरलेली व्हिंकाची हिरवी वेल दिसली की तिथे कबरी असणार हे धरून चाल. जायचं ते हिवाळ्यात, साप आणि गोचिड्या नसतात तेव्हा.

डेल्टाची_सून

मला थोडं वेगळं सांगायचंय आणि ते कळकळीने सांगतेय. माझा नवरा काळा आहे, मिसिसिपीचा, शेतकरीच, आजोबांपर्यंत सगळे दुसऱ्याच्या रानात अर्धेलीने कापूस करणारे. आम्ही १८७० पर्यंत पोचलो आणि तिथे भिंत लागली, कारण गुलामीतून सुटलेल्या बहुतेक माणसांची नावं सेन्ससमध्ये पहिल्यांदा आली तीच १८७० ला. १८५० आणि ६० चं स्लेव्ह शेड्यूल, गुलामांची वेगळी यादी, म्हणजे मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग, बस. माणसाचं नाव नाही. माझ्या सासूबाई ते पान बघून उठून गेल्या होत्या.

त्यांची नावं आहेत ती गोऱ्या घरांच्या कागदात. मृत्युपत्रात, मेल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत, वाटणीत, गहाणखतात, गाई-बैल-नांगराच्या ओळीत एक बाई आणि तिची दोन लेकरं, नाव आणि किंमत. तुम्ही आता तीन घरांचे कागद उलगडणार आहात. त्यात अशी नावं आली तर कृपा करून ती उतरवून घ्या, कुठली काउंटी, कुठली वही, कुठलं पान सगळं, आणि ऑनलाइन टाका जिथे आमच्यासारख्यांना सापडेल. तुमच्या एका ओळीने कोणाची तरी खापरपणजी सापडते.

आणि त्यात तुमचाही फायदा आहे. १८७० च्या दशकातल्या जॉर्जियाच्या टॅक्स डायजेस्टमध्ये मुक्त झालेल्यांची नावं वेगळी लिहिलीत आणि पुढे ते कोणाकडे कामाला होते त्याचं नाव. म्हणजे तुमच्या घराण्यातला माणूस तिथे मालक म्हणून येईल, जरी त्याची स्वतःची ओळ तुम्हाला सापडत नसली तरी. फ्रीडमेन्स ब्युरो, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठीचं सरकारी खातं, त्याचे १८६५ नंतरचे मजुरीचे करार बघा, दोन्ही बाजूंची नावं असतात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत. १८६७ च्या मतदार नोंदणीच्या आणि शपथेच्या वह्या बघा, त्यात गोरे काळे दोन्ही आहेत, जिल्ह्यावार, आणि तुमच्या डब्ल्यू. जे. ना २१ पूर्ण होत होती तेव्हाच्या आहेत.

त्याच डिस्ट्रिक्टमध्ये तुमच्याच आडनावाची काळी कुटुंबं दिसली तर ती नजरेआड करू नका. सासऱ्यांना सांगणं अवघड जाईल, मला माहितीये. पण ते म्हणाले ना आपली माणसं कुठून आली ते लिहा, मग हेही त्यातच येतं.

मेकॉनकरीण

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये. लगेच कामाला लागले. डेल्टाची सून, तुमचं वाचून मी नवऱ्याला वाचून दाखवलं आणि आम्ही ठरवलंय की जी नावं सापडतील ती सगळी वेगळ्या वहीत, पानाच्या फोटोसकट, आणि रियुनियनच्या पुस्तकात त्यांचं स्वतंत्र प्रकरण. सासऱ्यांशी मी बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की आहे ते लिही. त्यांनीच मग रस्त्यापलीकडच्या एका कुटुंबाचं आडनाव घेतलं, आमचंच आडनाव, आणि म्हणाले त्यांनाही विचार.

मतदारांच्या वह्यांत अजून काही मिळालेलं नाही. पण १८८० चं शेतीचं शेड्यूल बघितलं कारण सेन्ससच्या कागदांतच ते वेगळं असतं हे मला लायब्ररीत सांगितलं. त्यात डब्ल्यू. जे. सापडले! पण जमीन त्यांच्या मालकीची नाही, पिकाच्या वाट्यावर, म्हणजे अर्धेलीने करत होते. घरात सगळ्यांना वाटत होतं की जमीन पहिल्यापासून आपली. आता ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याची खरेदीखतं कशी असणार? जमिनीमागे जा म्हणालात, पण जमीनच नसेल तर?

कागदवाला

वा, ताई, हे फार चांगलं सापडलं. त्यात कमीपणा काही नाही, १८८० ला जॉर्जियातली जवळजवळ निम्मी शेतं खंडाने नाहीतर वाट्यानेच कसली जात होती, युद्धानंतर पैसा कोणाकडेच नव्हता, दुकानदार बी-खत-धान्य उधारीवर द्यायचा आणि उभं पीक लिहून घ्यायचा.

त्यातच तुमचा कागद आहे. ही पिकाची आणि जनावरांची गहाणखतं काउंटीत नोंदलेली असतात, मॉर्गेज किंवा लीन म्हणून वेगळ्या वह्या असतात, सुपिरियर कोर्टाच्या क्लार्ककडे विचारा. त्यात खेचराचा रंग, वय, बहुतेकदा नाव, कोणाच्या जमिनीवर पीक उभं आहे त्या मालकाचं नाव, सगळं येतं. तो मालक कोण ते बघा. फार वेळा तो बायकोचा बाप किंवा स्वतःचा काका निघतो. १८८० च्या पानावर त्यांच्या घराच्या वरची दहा आणि खालची दहा घरं उतरवून घ्या आणि त्यातली किती आडनावं १८६० च्या तीन विल्यमपैकी कोणाच्या शेजारी होती ते ताडून बघा. मला विचाराल तर उत्तर इथेच मिळेल.

बायकोचं माहेर काढाच. लग्नाची नोंद काउंटीच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टात, जुन्या काळी त्याला ऑर्डिनरी म्हणत. ती नसेल तर मुलांची डेथ सर्टिफिकेट बघा, जॉर्जियात राज्यभर ती १९१९ पासून आहेत, त्यावर बापाचं पूर्ण नाव आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. पाचही मुलांची काढा, एकाची नको, कारण माहिती सांगणारा कधी जावई असतो कधी शेजारी आणि तो अंदाजाने सांगतो. आणि डब्ल्यू. जे. ना १८६४ ला कुठे पाठवलं असेल तर त्यांची नाहीतर विधवेची राज्याची पेन्शन बघा, त्या फायलीत दोन साक्षीदार असतात जे म्हणतात मी याला लहानपणापासून ओळखतो. लहानपणापासून म्हणजे कुठून ते त्यात लिहिलेलं असतं.

शार्लटकर

चेरोकी पणजीबद्दल थोडक्यात. दक्षिणेतल्या जवळपास प्रत्येक शेतकरी घरात ही गोष्ट आहे. तुमच्या भागात मूळ वस्ती मस्कोगींची, चेरोकी उत्तर जॉर्जियात. तरी बघायचंच असेल तर १९०६ ते १९०९ मधले गायॉन मिलर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे आलेले अर्ज बघा, पूर्वेकडच्या चेरोकींना सरकारकडून पैसे मिळणार होते म्हणून पंचेचाळीस हजारांवर अर्ज आले आणि त्यातले पुष्कळ नामंजूर झाले. नामंजूर झालेलेही वाचा, लोकांनी आजी-आजोबा, मामे-चुलत सगळे नावानिशी लिहिलेत. तुमच्या आडनावाचा कोणी जॉर्जियातून किंवा अलाबामातून अर्ज केलेला असेल तर चेरोकी निघो न निघो, फुकटची वंशावळ मिळेल.

डीएनए करणार असाल तर सासऱ्यांची आत्ताच करून घ्या, नवऱ्यापेक्षा ते एक पिढी जवळ आहेत. तिन्ही विल्यमच्या भावाबहिणींचे आजचे वंशज कोण आहेत ते शोधून त्यांच्याशी जुळणी बघा. मात्र त्या काउंट्यांमध्ये चुलत-मामे भावंडांची लग्नं पिढ्यान्पिढ्या झालीत, एखादा दोन-तीन बाजूंनी नातलग निघतो आणि आकडा फुगतो, त्यामुळे एका जुळणीवर निकाल देऊ नका.

मेकॉनकरीण

सासरे तयार आहेत, किट मागवलं. अटलांटाजवळ मॉरोला जॉर्जिया अर्काइव्हजमध्ये, म्हणजे राज्याच्या जुन्या कागदांच्या संग्रहात, जायचं ठरतंय, तिथे पहिल्यांदा काय मागू तेवढं सांगा.

कागदवाला

जायच्या आधी उघडं कधी असतं ते त्यांच्या साइटवर बघा, रोज नसतं. शेजारीच नॅशनल अर्काइव्हजची अटलांटाची शाखा आहे, एका फेरीत दोन्ही होतील. सगळ्यात आधी १८६६ ते १८८२ चे जॉन्सन, वॉशिंग्टन आणि इमॅन्युएल तिन्हींचे टॅक्स डायजेस्ट मागा, तुमच्या आडनावाची प्रत्येक ओळ वर्षवार एका तक्त्यात उतरवा, डिस्ट्रिक्टचा नंबर, एकर, मालक, वरचा शेजारी, खालचा शेजारी, आणि कामाला असलेल्यांची नावं त्याच तक्त्यात वेगळ्या रकान्यात. तो तक्ता झाला की इथे टाका, तीन विल्यमपैकी कोण ते आपण सगळे मिळून बघू.